मुंबई-ठाणे-नवी मुंबईत अवजड गाडी घालायची तर वेळेचा हिशेब कसा मांडायचा

नवीन माणूस गाडी घेतो, पहिलं मुंबईचं भाडं मिळतं आणि तो पहिला प्रश्न विचारतो, किती किलोमीटर? कळंबोलीहून मस्जिद बंदर म्हणाल तर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. रात्री एक वाजता निघालात तर तास-सव्वा तासात पोचाल आणि सकाळी साडेसहाला निघालात तर नो-एंट्री लागते, म्हणजे ठराविक वेळेत अवजड गाडीला शहरात बंदी, आणि पुढचे सतरा-अठरा तास गाडी कुठेतरी कडेला उभी. तेच अंतर, तीच गाडी, तोच माल. म्हणून किलोमीटर बाजूला ठेवा आणि घड्याळ हातात घ्या, मी कळंबोलीतून गाड्या चालवतोय त्यावरून एवढंच ठाम सांगतो की मुंबईची ट्रिप जिथे माल खाली होणार त्या गेटपासून सुरू करून मागे मागे मोजत यायची, भरायच्या जागेपासून पुढे मोजत गेलात की फसलात.

खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने वाचा, एखादी पायरी सोडली तर तिचे पैसे पुढच्या नाक्यावर जातात.

आधी आपली गाडी कायद्याने कोण आहे ते बघा

आपण बोलताना टेम्पो, आयशर, दहा टायर, ट्रेलर म्हणतो पण पोलिसांच्या आदेशात गाडी वजनाने ओळखली जाते. आरसी बुक काढा आणि त्यावर ग्रॉस व्हेइकल वेट लिहिलंय ते वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलकी, १२,००० किलोच्या वरची मालगाडी जड आणि मधली मध्यम. हे वजन रिकाम्या गाडीचं नसतं, गाडी अधिक जास्तीत जास्त माल असं मिळून असतं, त्यामुळे "साहेब गाडी रिकामीच आहे" हे नाक्यावर सांगून उपयोग होत नाही, रिकामा ट्रेलर सुद्धा अवजडच.

दोन ॲक्सलच्या, म्हणजे चाकांचे दोन आडवे दांडे असलेल्या, ट्रकला २०१८ पासून १८.५ टन, तीन ॲक्सलच्या म्हणजे दहा टायरला २८.५ टन मान्य आहे आणि ट्रेलर ५५ टनांपर्यंत जातो. ही सगळी मंडळी नो-एंट्रीच्या कक्षेत येतात. छोटा हत्ती आणि पिकअप साधारण सुटतात, आयशरमध्ये मात्र फूट मोजून अंदाज बांधू नका, एकाच लांबीच्या बॉडीखाली वेगवेगळ्या वजनाची चेसी असते, आरसी बघूनच बोला.

हे आधी बघायचं कारण असं की बऱ्याच वेळा सगळ्यात स्वस्त उत्तर हेच असतं की मोठी गाडी आत घालायचीच नाही. त्यावर पुढे बोलतो.

रस्ता कुणाकुणाच्या हद्दीतून जातो ते कागदावर लिहा

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. आपल्याला हा सगळा पट्टा एकच मुंबई वाटतो पण ट्रॅफिकचे आदेश काढणारी पोलीस आयुक्तालयं चार आहेत. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि २०२० मध्ये झालेलं मीरा-भाईंदर वसई-विरार. प्रत्येकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आपापल्या हद्दीत गाड्यांवर बंधन घालता येतं आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं.

हद्दी ढोबळ मानाने अशा लक्षात ठेवा. उरण-न्हावाशेवा, पनवेल, कळंबोली, तळोजा, तुर्भे, वाशी, ऐरोली हे नवी मुंबई. शीळफाटा, कल्याण फाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा, घोडबंदरचा गायमुखपर्यंतचा भाग आणि भिवंडी-कल्याण शहर हे ठाणे. गायमुख ओलांडून फाउंटन, काशिमिरा, वसई, चिंचोटी हे मीरा-भाईंदर वसई-विरार. दहिसर, मुलुंड, ऐरोली पूल आणि वाशी पूल ओलांडला की मुंबई.

आता न्हावाशेव्यावरून गुजरातला जाणारा कंटेनर घ्या. कळंबोली, तळोजा, कल्याण फाटा, शीळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, मग एकतर माणकोलीवरून अंजूरफाटा-चिंचोटी नाहीतर कापूरबावडीवरून घोडबंदर, आणि मग अहमदाबाद हायवे. ही गाडी मुंबई शहरात चाक सुद्धा टाकत नाही तरी तीन आयुक्तालयांतून जाते. आणि यातला ठाण्याचा तुकडा बंद असला की त्याची शेपटी तळोज्यापर्यंत येते, मुंब्रा बायपासला दुरुस्ती निघाली की त्या आठवड्यात आमच्या कळंबोली सर्कलला गाड्यांच्या रांगा लागतात, दोन्ही बाजूंना स्टोव्ह पेटलेले, ड्रायव्हर लोक चाकाच्या आडोशाला कांदा चिरत बसलेले. रस्ता तिकडे बंद, जेवण इकडे.

आदेश स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवर आलेली एक ओळ नाही

ग्रुपवर "ठाणे बंद" असं येतं आणि अर्धे लोक गाडी थांबवतात, उरलेले बिनधास्त जातात आणि दोघंही चुकतात. आदेशात पाच गोष्टी शोधायच्या. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. कुठली गाडी, म्हणजे जड-अवजड सगळ्या की फक्त ट्रेलर किंवा मल्टिॲक्सल. कुठली दिशा, कारण बऱ्याच वेळा सकाळी शहराकडे जाणारी आणि संध्याकाळी शहरातून बाहेर पडणारी बाजू जास्त कडक असते. कुणाला सूट. आणि पर्यायी मार्ग कुठला दिलाय. शेवटची गोष्ट लोक वाचतच नाहीत पण तीच कामाची, पोलिसांनी लेखी दिलेल्या पर्यायी मार्गावर असाल तर तुमच्याकडे बोलायला आधार असतो.

वेळा सांगायच्या तर दक्षिण मुंबईत अवजड गाड्यांना सकाळी ७ ते रात्री १२ प्रवेश नाही, म्हणजे खरा दिवस तुम्हाला मध्यरात्री ते सकाळी सात एवढाच. बाकीच्या मुंबईत सकाळच्या गर्दीत ११ वाजेपर्यंत आणि संध्याकाळी ५ ते ९ बंद, मधली दुपार आणि रात्र मोकळी. ठाण्यात वर्षानुवर्षं अवजड गाड्यांना दुपारी १२ ते ४ आणि रात्री १० ते पहाटे ५ असं सोडण्याची पद्धत आहे, पण घोडबंदरला दुरुस्ती किंवा मेट्रोचं काम निघालं की ती दुपारची खिडकी जाते आणि फक्त मध्यरात्रीनंतर सोडतात. त्यामुळे गाडी भरायला लागायच्या आधी, भरून झाल्यावर नाही, त्या दिवशीचा आदेश आयुक्तालयाच्या ट्रॅफिक शाखेच्या सोशल मीडिया खात्यावर उघडून बघा आणि त्याचा फोटो ड्रायव्हरला पाठवा.

सूट कुणाला असते, तर दूध, भाजीपाला, पाव-बेकरी, पिण्याचं पाणी, पेट्रोल-डिझेल अशा जीवनावश्यक मालाला आणि ॲम्ब्युलन्स वगैरेंना. सूट मालाला असते हे नीट समजून घ्या. तुर्भ्याहून भाजी घेऊन आत गेलेली गाडी येताना पुठ्ठ्याचं भंगार भरून निघाली की तिची सूट संपली.

काही रस्ते वेळेचा प्रश्नच नाही, अवजड गाडीला कायमचे बंद. पूर्व मुक्त मार्ग म्हणजे फ्रीवे, कोस्टल रोड, नवी मुंबईतला पामबीच. आणि मोबाईलवरचा नकाशा ट्रकसाठी बनलेला नाही, तो कारचा रस्ता दाखवतो, त्याला तुमचा ट्रेलर दिसत नाही. आमच्या एका नवीन ड्रायव्हरला त्याने पामबीचवर काढलं होतं, पोराची चूक म्हणणार नाही मी, चूक माझी, मी त्याला नाक्यांची नावं लिहून द्यायला हवी होती.

अटल सेतूबद्दल रोज कुणीतरी विचारतं. १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं, २१.८ किलोमीटर, चिर्ल्याहून शिवडी. ट्रक चालतात. पण मुंबईच्या बाजूला उतरताना ट्रक, मल्टिॲक्सल आणि बस यांना फ्रीवेवर चढता येत नाही, शिवडीच्या एक्झिटने खाली उतरून पोर्टच्या रस्त्याने जावं लागतं, आणि तिथून पुढे मुंबईची नो-एंट्री आहेच. टोल सुरुवातीला ठरला तो दोन ॲक्सल ट्रकला एका बाजूचा ८३० रुपये, तीन ॲक्सलला ९०५ आणि चार ते सहा ॲक्सलला १,३००. शिवडी, दारूखाना, वडाळा असा माल असेल आणि वाशी पुलावरचा वेळ वाचवायचा असेल तर परवडतो. कुर्ला-अंधेरीला जायचं असेल तर उगाच वळसा.

ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच एंट्री नाक्यांवर, दहिसर, मुलुंड एलबीएस, आनंदनगर, ऐरोली आणि वाशी, हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला. अवजड गाड्यांना तो आहेच, भाडं ठरवताना धरायला विसरू नका.

पुलांकडे पण लक्ष हवं. २०२४-२५ मध्ये शहराच्या मध्यावरचे पूर्व-पश्चिम जोडणारे पूल एकामागून एक पाडायला घेतले, सायनचा जुना पूल १ ऑगस्ट २०२४ ला बंद झाला, एल्फिन्स्टनचा १२ सप्टेंबर २०२५ ला. मस्जिद बंदरचा कर्नाक पूल मात्र नवा बांधून जुलै २०२५ मध्ये सिंदूर पूल म्हणून सुरू झाला. जुन्या ड्रायव्हरच्या डोक्यात दहा वर्षांपूर्वीचा नकाशा असतो आणि रात्री दोन वाजता पत्र्याची भिंत समोर आल्यावर ट्रेलर मागे घेणं काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळतं.

आता शेवटापासून मागे मोजा, एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो

चाकणहून दहा टायर गाडी, माल पार्टच्या पेट्या, खाली करायचा मस्जिद बंदरच्या गोडाऊनला. वजन पूर्ण. पार्टी, म्हणजे माल घेणारा, म्हणते सकाळी दहाला गाळा उघडतो, माणसं अकराला येतात.

इथेच थांबा. सकाळी दहाला तुमची गाडी दक्षिण मुंबईत असूच शकत नाही. सातच्या आत ती बाहेर पडलेली पाहिजे. आणि आत जाऊन दिवसभर उभी करू म्हणाल तर त्या गल्ल्यांत हातगाडी उभी करायला जागा नसते. म्हणजे पार्टीची वेळ आणि रस्त्याची वेळ जुळतच नाही, आणि हे भाडं घ्यायच्या आधी फोनवर बोलून घ्यायचं, गाडी वाशीला पोचल्यावर बोलायचं नाही.

पार्टी रात्री खाली करून घ्यायला तयार झाली असं धरा. सातला हद्द बंद, मी नेहमी पाऊण तास हातात ठेवतो, म्हणजे सव्वासहाला गाडी गेटमधून निघाली पाहिजे. पेट्या उतरवायला तीन तास, सही-शिक्क्याला अर्धा. म्हणजे पावणेतीनला पहिली पेटी खाली. गल्लीत गाडी लावायला, पुढची गाडी हलायला एक तास, म्हणजे पावणेदोनला पोचायला हवं. वाशी नाका ते मस्जिद बंदर रात्रीचा एक तास, म्हणजे पाऊण वाजता वाशी पार. मध्यरात्रीला नो-एंट्री सुटते तेव्हा सगळ्या गाड्या एकदम सुटतात, पहिला अर्धा तास वाशीला चालायला जागा नसते, म्हणून पाऊणची वेळ बरोबर बसते. कळंबोलीत साडेअकरापर्यंत ड्रायव्हर उठून तयार. आणि त्याला चार तास झोप मिळाली पाहिजे तर तो साडेसातला कळंबोलीत पोचलेला पाहिजे. चाकण ते कळंबोली शंभरेक किलोमीटर, भरलेल्या गाडीला बोरघाट धरून चार तास मोजा, घाटात अवजड गाडीला वेगमर्यादा कमी आहे आणि कॅमेरे आहेत. म्हणजे चाकणहून निघायचं दुपारी साडेतीनला. चाकणमध्ये परत पिंपरी-चिंचवड पोलिसांची हद्द, तिथला आदेश पण बघा, संध्याकाळ झाली की तळेगाव चौकातच दोन तास जातात. म्हणजे दोन वाजता भरणं पूर्ण आणि तीनपर्यंत कागद हातात.

बघा, प्रश्न मस्जिद बंदरच्या गेटचा होता आणि उत्तर आलं चाकणच्या कंपनीला की दोनच्या आत लोडिंग संपवा. त्यांनी पाच वाजवले तर ही गाडी त्या रात्री जाऊ शकते पण ड्रायव्हरची झोप खाऊन जाते. मी तसं करत नाही, दुसऱ्या रात्रीवर ढकलतो आणि पार्टीला तसं कळवतो.

रात्री माल उतरवणार कोण, हे कुणी विचारत नाही

नो-एंट्रीमुळे सगळा माल रात्रीवर ढकलला गेला पण उतरवणारी माणसं दिवसाची. बाजारात माथाडी कामगारांची टोळी ठरलेली असते, १९६९ च्या माथाडी कायद्याखाली त्यांची नोंदणी, मजुरी, लेव्ही म्हणजे मजुरीवर भरायची जादा रक्कम, हे सगळं बोर्डामार्फत असतं आणि दिवसभर ओझं वाहिलेल्या माणसाने रात्री दोनला परत यावं ही अपेक्षाच चुकीची आहे. रात्रीचं काम असेल तर टोळीच्या मुकादमाशी आधी बोलणं, रात्रीचा दर ठरवणं, आणि तो दर कोण देणार हे बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, लिहिणं. ऐन वेळी ड्रायव्हरला क्लीनरबरोबर माल उतरवायला लावतात, तो बिचारा कंबर धरून परत गाडी चालवत येतो. तसं अजिबात होऊ देऊ नका.

रात्रीची सोय होत नसेल तर मग माल बाहेर फोडायचा. भिवंडीला, तुर्भ्याला किंवा वडाळा ट्रक टर्मिनलला मोठी गाडी खाली करायची आणि पिकअप-छोटा हत्तीने दिवसा आत पाठवायचा. यात दोनदा हमाली लागते, माल दोनदा हाताळला जातो, काच किंवा टाइल्स असेल तर नुकसान वाढतं. पण हिशेब मांडा. एका बाजूला मोठ्या गाडीचा एक पूर्ण दिवस उभा राहायचा खर्च, हॉल्टिंग म्हणजे गाडी अडकवल्याचं भाडं, ड्रायव्हरचा भत्ता, चलन झालं तर चलन. दुसऱ्या बाजूला चार-पाच छोट्या गाड्यांचं भाडं आणि जादा हमाली. माल पाच-सहा जागी वाटायचा असेल तर फोडणंच बरं पडतं, एकाच गेटला पूर्ण माल असेल तर रात्रीची मोठी गाडी.

आणि छोट्या गाडीत जास्त भरायचा मोह होतो, तो टाळा. ओव्हरलोडला कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च तुमचा. छोटा हत्ती काय आणि ट्रेलर काय, मूळ २०,००० सारखेच.

थांबायची जागा आधी ठरवा

याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. नो-एंट्री म्हणजे हजारो गाड्यांना एकाच वेळी सांगणं की थांबा, पण थांबायचं कुठे ते आदेशात नसतं. मग गाड्या हायवेच्या कडेला लागतात, सर्व्हिस रोड भरतो, मागून येणारी कार किंवा बाईक अंधारात ट्रेलरच्या मागे घुसते. दोन्ही बाजूची माणसं कुणाची तरी असतात हो.

कळंबोलीत लोखंड बाजाराच्या परिसरात, तुर्भ्यात मार्केटच्या बाजूला, वडाळ्याला ट्रक टर्मिनलमध्ये, भिवंडीत गोडाऊनच्या आवारात जागा मिळते, पण आधी फोन करून. न्हावाशेव्याला पोर्टचं सेंट्रल पार्किंग आहे, एक्सपोर्टचा फॉर्म १३, म्हणजे कंटेनर पोर्टच्या गेटमधून आत न्यायचा कागद, आणि टर्मिनलचं नाव हातात आल्याशिवाय गेटच्या रांगेत जाऊन उभं राहू नका. ज्या कंपनीचा माल आहे तिच्याच आवारात चार तास गाडी उभी राहू द्या असं मागायला लाजू नका, त्यांचा माल आहे, त्यांना पण सुरक्षितच हवा असतो. लोडिंग झालं की पाच मिनिटांत गेटबाहेर काढणाऱ्या कंपन्यांना मी हे लेखी सांगतो, दहातल्या तीन-चार ऐकतात, तेवढी झोप तरी पदरात पडते.

कडेला उभं राहायची वेळ आलीच तर पार्किंग लाइट चालू, मागे लाल त्रिकोण बऱ्यापैकी लांब, मागचं रिफ्लेक्टर पुसून साफ. पावसाळ्यात चिखलाने ते रिफ्लेक्टर दिसेनासं होतं, एक ओला फडका आणि दोन मिनिटं लागतात.

ड्रायव्हरच्या तासांचं पण सांगतो. मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा १९६१ चा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, पण जुन्या कायद्यातलं माप लक्षात ठेवा, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. नो-एंट्रीच्या रांगेत दर दहा मिनिटांनी गाडी एक लांबी पुढे घ्यायची असते त्याला कुणी विश्रांती म्हणू नये. लांबचा ड्रायव्हर आला असेल तर शहरातला शेवटचा तुकडा चालवायला इथला दुसरा माणूस ठेवा. मी तसं सुरू केलं तेव्हा भाड्यामागे थोडा खर्च वाढला, पण गाड्यांची घासाघीस, आरसे तुटणं, गल्लीत अडकणं जवळपास थांबलं.

कागद, आणि त्यातही ई-वे बिल

आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी हे सगळ्यांना माहिती आहे, त्यात वेळ घालवत नाही. ई-वे बिलावर, म्हणजे माल रस्त्याने नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदावर, थोडं थांबतो कारण नो-एंट्री आणि ई-वे बिल यांची टक्कर होते.

राज्याबाहेरून येणाऱ्या मालाला ५०,००० रुपयांच्या वर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर ई-वे बिल लागतं. वैधता २०० किलोमीटरला एक दिवस, आणि पहिला दिवस मोजतात तो बिल बनवलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत. आता बघा, बिल संपतं रात्री बाराला आणि दक्षिण मुंबईची नो-एंट्री सुटते ती पण रात्री बाराला. म्हणजे गाडी वाशीला येऊन रात्र व्हायची वाट बघत उभी राहिली की बरोबर ज्या मिनिटाला रस्ता उघडतो त्याच मिनिटाला बिल मरतं. आमचं हे एकदा झालंय, सुरतेहून कापड आलं होतं, मालकाने बिल लोडिंगच्या एक दिवस आधीच बनवून ठेवलेलं, नाक्यावर पकडल्यावर कळलं. वाढवायची सोय आहे, मुदत संपायच्या आधीच्या ८ तासांत किंवा संपल्यानंतरच्या ८ तासांत ट्रान्सपोर्टरला पोर्टलवर मुदत वाढवता येते, कारण लिहावं लागतं. म्हणून ऑफिसमधल्या कुणीतरी रात्री दहाला सगळ्या उभ्या गाड्यांची बिलं बघायची सवय लावा. आणि माल फोडून छोट्या गाड्यांत टाकलात तर पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर बदलायला विसरू नका, जुन्या नंबरवर छोटी गाडी पकडली गेली तर समजावणं अवघड जातं.

बिल्टीवर तीन वाक्यं हाताने का होईना लिहा. गाडी कधी पोचणं अपेक्षित आहे, किती तास फुकट थांबेल आणि त्यानंतर तासाला किंवा दिवसाला हॉल्टिंग किती. तोंडी ठरलेलं हॉल्टिंग कुणी देत नाही.

सणासुदीचे आणि सुट्टीचे दिवस

गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर १६ टन आणि त्यावरच्या गाड्यांना ठराविक दिवस बंदी येते, कोकणात जाणाऱ्या माणसांच्या गर्दीसाठी, आणि ते योग्यच आहे. दूध, इंधन, गॅस, औषधं अशांना सूट असते. महाड-चिपळूणच्या एमआयडीसीत माल जाणाऱ्यांनी आठ दिवस आधी साठा पोचवून घ्यावा, त्या आठवड्यात भाडी तशीही वाढलेली असतात. विसर्जनाच्या दिवशी मुंबई-ठाण्यात अवजड गाडी आत घालायचा विचारच करू नका, लालबाग-गिरगावच काय, उपनगरातले रस्ते पण बंद असतात. ६ डिसेंबरला दादर परिसर. लाँग वीकेंडला एक्स्प्रेसवेवर सकाळच्या वेळात अवजड गाड्या बऱ्याचदा थांबवतात, शुक्रवारी रात्रीच घाट उतरून या.

अडवलं किंवा चलन आलं तर

ड्रायव्हरने खाली उतरून शांतपणे कागद दाखवायचे, आदेशाचा फोटो दाखवायचा, पर्यायी मार्गावर असू तर तसं सांगायचं, वाद घालायचा नाही. मिटवामिटवी करायची नाही, रीतसर चलन घ्या. आमच्या धंद्यात रोख देऊन सुटायची सवय लागली की ती प्रत्येक नाक्यावर लागते आणि त्या पैशाचा कुठे हिशेब नसतो.

चलन आलं की रक्कम बघायच्या आधी कलम बघा. पुष्कळ जण समजतात नो-एंट्री म्हणजे किरकोळ पाचशेचा दंड. पण कलम १९४ मध्ये ओव्हरलोडच्या ११३ आणि ११४ बरोबर ११५ चं पण नाव आहे, म्हणजे बंदीच्या रस्त्यावर गाडी घातली तर २०,००० वालं कलम सुद्धा लागू शकतं. फोटोतली वेळ, जागा आणि गाडीचा नंबर तपासा. वेळ नो-एंट्रीच्या बाहेरची असेल किंवा फोटो दुसऱ्याच गाडीचा असेल तर पोर्टलवर तक्रार टाका, सोबत टोलच्या फास्टॅगची वेळ आणि जीपीएसचा प्रिंट जोडा. ही दोन कागदपत्रं असली की बोलणं सोपं होतं. चलनं साठवून ठेवू नका, गाडी विकताना सगळी एकदम समोर येतात.

डॅशबोर्डवरचा पुठ्ठा

आमच्याकडे लातूरकडचे एक ड्रायव्हरकाका आहेत, वीस वर्षं या पट्ट्यात चालवतायत. त्यांच्या डॅशबोर्डवर बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा टेपने चिकटवलेला असतो, त्यावर स्केचपेनने तीन रकाने, नाका, कधी सुटतो, कधी लागतो. ट्रिप बदलली की नवा पुठ्ठा. मोबाईलची बॅटरी जाते, रेंज जाते, पुठ्ठा तिथेच असतो. मी तो बघून सगळ्या गाड्यांसाठी तसाच कागद छापून घेतला आणि त्यात चार ओळी वाढवल्या, थांबायची जागा, ई-वे बिल कधी संपतं, बंद असलेले पूल, आणि माल उतरवून घेणाऱ्या माणसाचा रात्री लागणारा नंबर. शेवटची ओळ भरल्याशिवाय गाडी यार्डातून सोडत नाही. ऑफिसचा नंबर चालत नाही, दुकानाचा लँडलाइन चालत नाही, रात्री दोन वाजता जो उचलेल त्याचाच नंबर हवा, आणि गाडी निघायच्या आधी त्यावर एकदा फोन करून बघायचा.